निशाणाच्या पुढचं घड्याळ

चंद्रपूरकडचं गाव सोडून जुन्नरला आलो तेव्हा माझी शाळा सातवीतच सुटलेली होती. इथल्या फोटो स्टुडिओच्या मालकांनी मला ठेवून घेतलं, कॅमेरा हातात दिला, चुकलो तरी काढून घेतला नाही. ते उपकार फिटायचे नाहीत. पण इतक्या वर्षांनीही लोक मला ‘पावणं’च म्हणतात, आणि पाहुण्याला कधीही परत पाठवता येतं, ही धास्ती पोटातून जात नाही.

बैलगाडा शर्यतीत माझा कॅमेरा घाटात, म्हणजे गाडे पळायच्या चढाच्या वाटेवर असतो. इथं एकेक गाडा एकटा पळतो, झुंज घड्याळाशी. बैलाचा पाय खालच्या दोरीवर पडला की वेळ सुरू, वरच्या निशाणाला पोचला की बंद. तंटा झाला की मी चित्रीकरणातली चित्रं एकेक करून मागं नेतो आणि निकाल देतो.

हे ऐकूनच गेल्या हिवाळ्यात एका इंजिनियर मॅडमनी मला महाळुंगे पडवळच्या माळावर बोलावलं. लढाऊ विमानाची दोन हात लांबीची प्रतिकृती त्या रिमोटवर उडवत होत्या. वेग मोजायचा नव्हता, चपळाई मोजायची होती. सरळ उडणारं विमान किती चटकन एका कुशीवर उभं राहतं, एवढंच. विमानातलं मोजणीचं यंत्र बंद पडलं होतं, म्हणून माझा कॅमेरा.

मालक म्हणाले, “जा बिनधास्त. पण त्याला कासरा नाय, राव. नीट डोळा ठेव.”

पहिल्या दिवशी मी एकाहून एक भारी वेळा लिहून दिल्या. संध्याकाळी मॅडमनी त्यांच्या टेंपोच्या फाळक्यावर स्क्रीन ठेवून विचारलं, “घड्याळ कुठं थांबवलंत?”

“पंख उभा झाला तिथं.”

“आणि पुढं?”

चित्रं पुढं नेली. विमान उभं होऊन तसंच पलीकडं कलंडत होतं, परत येत होतं, डुलत होतं.

“लढाईत वैमानिकाला नेम धरायचा असतो हो. ते स्थिर होईपर्यंत वेळ चालूच.”

मी गारच पडलो. घाटात निशाणाच्या पुढं काय होतं ते मी कधी बघितलंच नव्हतं. तिथं बैल आवरायला माणसं उभी असतात.

“म्हणजे सगळे आकडे चुकले?”

“सगळे. उद्या दुपारपर्यंत खरे मिळाले नाहीत, तर पुण्याहून दुसरा माणूस आणावा लागेल.”

उजाडताच टेंपोत बसून मी पहिल्यापासून मोजायला घेतलं. मोजता मोजता एक गोष्ट दिसली. उजव्या कुशीवर विमान लगेच थांबायचं, डाव्या कुशीवर मात्र दर वेळी डुलायचं. पुन्हा माझंच चुकत असेल म्हणून तीनदा मोजलं. मग भीत भीत सांगितलं.

मॅडमनी विमान उलटं केलं आणि पंखामागची हलती पट्टी बोटानं वरखाली केली. तिला ओढणारी तार एकाच बाजूला जाताना पंखातल्या भोकाच्या कडेला घासत होती. पट्टी उशिरा परतायची, म्हणून विमान पलीकडं कलंडायचं. त्यांनी छोट्या कानशीनं कड घासून काढली.

विमान पुन्हा वर गेलं. मॅडम ओरडल्या, “आता!” डावी कूस. पंख उभा राहिला, आणि राहिला तो राहिलाच! मी चित्रं मोजली. डावी, उजवी, दोन्हींना वेळ अगदी तेवढीच.

“मॅडम, सारखी! एका चित्राचाही फरक नाही!”

त्यांनी रिमोट गवतावर ठेवून दोन्ही हात वर केले. “जिंकलो, पावणं! पुढच्या खेपेलाही घड्याळ तुमच्याकडंच.”

त्या दिवशी पहिल्यांदाच तो शब्द मला टोचला नाही. माळावरूनच आईला फोन लावला. “आई, जिंकलो!”

“बरं झालं रे बापू,” आई म्हणाली. “बैल कोनाचे होते?”