कागदावरची मडकी, ट्रंकेतल्या बाहुल्या

कमलाअक्का खोटारडी होती.
तिला जाऊन वर्ष झालं म्हणून मी शब्द फिरवणार नाही.

मी साताऱ्याकडची, चौथी पास. नवऱ्याच्या नोकरीपायी चेन्नईला आले नि इथंच म्हातारी झाले. ती तंजावरकडची, तिथल्या जुन्या मराठी घरातली. बोलायची मराठीच, पण सूर सगळा तमिळ.

आमच्या समोरच्या खोलीत भाड्यानं आली. एकटी.
मुलगा याच गावात, मोठ्या फ्लॅटात.
मला तिथंच वास आला.

पहिल्या नवरात्रात तिनं हळदीकुंकवाला बोलावलं. इकडं नवरात्रात घरोघरी गोलू मांडतात. पायऱ्या करायच्या नि त्यांवर मातीच्या बाहुल्या बसवायच्या.

गेले. पायऱ्या होत्या. बाहुली एक नाही.
पायऱ्यांवर पोस्टाची तिकिटं! काड्यापेटीला खाच पाडून त्यात उभी केलेली.

एकावर जयपूरची निळी सुरई. एकावर कच्छचं नक्षीचं मडकं. एकावर बंगालचा मातीचा घोडा. तिचा नवरा इथंच चेन्नईत, एग्मोरला पोस्टात होता, त्याच्या अल्बममधली ही.

"हे काय गं अक्का?"
"गोलूला माती लागते. ही मातीचीच भांडी."
"अगं, हा कागद आहे."
"तू सुंडल खा."

सुंडल म्हणजे खोबरं घातलेले हरभरे. ते मात्र झकास होते.

सासूनं दिलेल्या तंजावरी बाहुल्यांचं कौतुक तिनं मला शंभरदा ऐकवलेलं. त्यात एक ढेरपोट्या वाणी, दुकान मांडून बसलेला. उजवा कान तुटका, मुलानं लहानपणी पाडला म्हणून.

मग त्या कुठंत?
"ट्रंकेत."
दुसऱ्या वर्षी विचारलं. "गावाला."
तिसऱ्या वर्षी. "भाचीकडे."

मी चार पोरं वाढवलीत. एका प्रश्नाला तीन उत्तरं आली की काय समजायचं ते मला कळतं.

आधी वाटलं, विकल्या असणार. पण विकून खाल्लेल्या वस्तूचं कुणी इतकं गोड बोलत नाही.

तिच्या मुलाचा नंबर अडीअडचणीला म्हणून माझ्याकडं होता. एक दिवस त्याचं स्टेटस बघितलं. सूनबाई नटूनथटून उभी. मागं काचेचा शोकेस, आत लाइटिंग, आत बाहुल्या.
मी झूम केलं.
वाणी. ढेरी. उजवा कान नाही.

तशीच फोन घेऊन समोर गेले.
"हा तुझाच ना?"
अक्कानं फोन चष्म्याला टेकवला. बराच वेळ बघत राहिली.
"नव्हे. असले वाणी ढिगानं मिळतात."
"कान बघ कान."
"सगळ्यांचे कान तुटतात."

फोन परत दिला. नि पायरीवरचं एक तिकीट सरळ केलं.
ते आधीच सरळ होतं.

गेल्या वर्षी नवमीला सकाळी ती गेली. गोलू मांडलेला होता तसाच.

दसऱ्याला संध्याकाळी मुलगा खोली रिकामी करायला आला. पायऱ्यांना हात घातला तशी मी आडवी आले.
"थांब. दसऱ्याला एक बाहुली आडवी करून निजवायची असते. मग गोलू उचलायचा. तुम्हाला सुतक, मी करते. तो वाणी घेऊन ये."
"आजी, ती अँटिक आहे. फुटेल."
"तुझ्याकडं आली कशी?"
"अम्मानंच दिल्या. आपल्या हातानं."

असेल. दिल्या असतील.
मग मला तीन वर्षं तीन उत्तरं का?
नि तुझ्या घरात बाहुल्यांना जागा झाली, आईला का नाही?
हे मी त्याला विचारलं. तो फोनवर बोलत बाहेर गेला.

मग मीच निळी सुरई निजवली. खरी असती तर पाणी सांडलं असतं.

तिकिटं मी उचलून आणली. कुणाला विचारलं नाही.

यंदा माझ्या घरात एकच पायरी मांडली. काड्यापेट्यांसकट.
मजल्यावर नवीन आलेली पोरगी परवा कुंकवाला आली. बघून हसली.
"आजी, बाहुल्या कुठंत?"

माझ्या तोंडून निघालं, "ट्रंकेत. तू सुंडल खा."

खरं काय ते इथं फेसबुकवर लिहिलंय. अक्काचा मुलगा माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहे, वाचेल.

अक्का, आज दसरा. या वर्षी घोडा निजवते.
नीज तूही.
भावपूर्ण श्रद्धांजली, खोटारडे.