तीन मिनिटांचा रंग

सकाळपासून आभाळ कोंदलेलं होतं. रंगारणीचा हंडा उकळला आणि नेमकं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं. कापड बरोबर तीन मिनिटं बुडवायचं होतं. काल एक जास्त वेळ राहून काळवंडलं होतं. आज हेही बिघडलं तर गिऱ्हाईक कायमचं तुटणार होतं.

घरात वाळूची घड्याळं दोनच, एक चार मिनिटांचं, एक सातचं.

दिवसभर सगळ्यांना कोडी घालणाऱ्या सुनेवर रंगारीण सासू कडाडली, “आता सोडव की, कोडेबाई!”

“सोडवतेय, सासूबाई!” तिने दोन्ही घड्याळं एकदम उलटली. चारचं रिकामं झालं, सातच्यात तीन मिनिटांची वाळू उरली, तशी तिने कापड रंगात सोडलं. दोघी श्वास रोखून वाळूकडे बघत राहिल्या. शेवटचा कण पडताच तिने काठीने कापड उचललं. रंग गिऱ्हाइकाने दिलेल्या नमुन्यासारखाच केशरी!

“हात भाजतील गं,” सासू पुटपुटली आणि तिने पिळायला कापडाचं दुसरं टोक धरलं.