गिरणीच्या पट्ट्यात हात कुणी घातला

संपादकांनी माझा कागद चिमटीत धरला. नाकापाशी नेला. भर बैठकीत, सगळ्यांच्या देखत.

"वास येतोय याला," ते म्हणाले.

मी विचारलं, "कसला, सर?"

"गटाराचा. आणि थोडा मोर्चाचाही."

टेबलाभोवतीची सगळी माणसं हसली. वृत्तसंपादक हसले, खेळाचं पान बघणारा हसला, नुकतीच लागलेली शिकाऊ पोरगीसुद्धा हसली. माझ्याही तोंडावर हसू आलं. भीतीनं येतं तसलं. मग त्यांनी तो कागद माझ्या अंगावर भिरकावला. चहाच्या कपाला लागून तो खाली पडला आणि मी वाकून उचलला. त्या वाकण्याची मला अजून चीड येते.

तो माझा पहिला अग्रलेख होता. शहरात ड्रेनेजच्या चेंबरमध्ये एक माणूस गुदमरून मेला होता. दोरी नाही, मास्क नाही. कंत्राटदारानं आईवरून शिवी देऊन त्याला खाली उतरवलं होतं. मी पहिल्याच ओळीत लिहिलं, हा माणूस मेला नाही, त्याला मारलंय. नाक मुरडलं ते त्या ओळीला.

मी त्या दैनिकात उपसंपादक होते. वाचकांची पत्रं लावायची, स्पर्धा परीक्षांचं पान लावायचं, दुसऱ्यांच्या बातम्या तासायच्या. पण मला अग्रलेख लिहायचा होता. तिथं पेपर आपलं मत सांगतो. कलेक्टर तो वाचतो, पोलिसांचे मोठे साहेब वाचतात, मंत्री कात्रण मागवतात. आमच्या वस्तीतलं कुणी त्या जागेवर लिहिताना मी पाहिलं नव्हतं. मला ती जागा हवी होती. सरळ सांगते, हावरटासारखी हवी होती.

संपादकांचा आवाज मऊ. कुणाला अरेतुरे नाही. घरात पिढ्यान्‌पिढ्या लेखणी आणि पोथी, आणि स्वतःला पुरोगामी म्हणवून घ्यायची भारी हौस. एकदा ते गारखेड्याला आमच्या घरी येऊन माझ्या आईच्या हातचं जेवून गेले होते. त्या एका जेवणाची त्यांनी पुढं वर्षानुवर्षं जाहिरात केली. केबिनमध्ये कुणी पाहुणा आला की मला बोलवायचे आणि सांगायचे, "मी यांच्या घरी जेवलोय बरं का." पाहुणा कौतुकानं बघायचा. त्यांच्याकडं. मी ताटकळत उभी. वृत्तसंपादकांच्या घरी तर ते दर दिवाळीला जेवत, पण ते त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही.

कागद भिरकावला तरी मी शिकणं सोडलं नाही. जुने अंक उपसले, त्यांचे अग्रलेख उतरवून काढले. ते शिकवायचेही. म्हणायचे, "अग्रलेखात राग नसतो, चिंता असते." म्हणायचे, "माणसाचं नाव घ्यायचं नाही, प्रवृत्ती म्हणायचं." म्हणायचे, "मारहाणीवर लिहिताना दोन्ही बाजू सांगायच्या." एका बाजूला काठी आणि दुसऱ्या बाजूला फुटलेलं डोकं असलं तरी दोन बाजू. मी ते सगळं शिकले आणि चांगलं शिकले. हळूहळू मुख्य अग्रलेखाखालचं छोटं स्फुट मला मिळायला लागलं. एप्रिलात आणि डिसेंबरात मात्र मुख्य अग्रलेख न मागता मिळायचा. "हा तुमचा विषय," म्हणून. पाणी माझा विषय नव्हता, अर्थसंकल्प माझा विषय नव्हता, विद्यापीठ माझा विषय नव्हता. जयंती आणि पुण्यतिथी, तेवढी माझी. तेही बिननावाचं, कारण अग्रलेखाला लिहिणाऱ्याचं नाव नसतं.

आणि मग एका सकाळी मामाचा फोन आला. नुसता रडत होता.

मामाचं गाव वेरूळच्या पुढं. त्याचा मुलगा राहुल आधी वाळूजला कंपनीत होता. कंपनीनं काढल्यावर त्यानं गावात पिठाची गिरणी टाकली. वस्तीत नाही, गावाच्या मोठ्या गल्लीत, भाड्याच्या खोलीत. गावातली जुनी गिरणी बंद पडलेली, त्यामुळं वरच्या आळीतल्या बाया दळणाचे डबे घेऊन त्याच्याकडं यायला लागल्या. बायांना सोय झाली. त्यांच्या नवऱ्यांच्या पोटात मात्र दुखायला लागलं. ज्याच्या बापाला ओट्यावर चढू दिलं नाही, त्याच्या हातचं पीठ आपल्या ताटात येतंय हे त्यांना सहन होईना. आधी धमक्या आल्या. मग गिरणीची वायर तोडली. राहुलनं नवी जोडली.

मी आईला घेऊन सरकारी दवाखान्यात गेले. वॉर्डात राहुल उताणा पडला होता. तोंड सुजून काळंनिळं. उजव्या हाताला मनगटापासून बँडेज, आणि बँडेज जिथं संपलं तिथं बोटं असायला हवी होती. नव्हती. अंगठा तेवढा राहिला होता.

"ताई," तो म्हणाला, "एकानं मान दाबली. एकानं हात धरून पट्ट्यावर ठिवला. सरपंचाच्या पुतण्यानं बटन दाबलं. म्हणला, दळ आता."

त्याला बोलताना धाप लागत होती. तरी त्यानं तिघांची नावं घेतली, बापाच्या नावासकट. त्यातला एक त्याच्या वर्गात होता. मामा पायाशी बसला होता. त्याच्या शर्टावर रक्त होतं, आणि रक्तात पीठ कालवलेलं. वाळून त्याचा पापुद्रा झाला होता. तो नखानं ते खरवडत होता.

"पोलीस म्हणतेत अपघात," मामा म्हणाला. "चालू पट्ट्यात हात आडकला म्हणून लिव्हून घेतलंय. म्या म्हणलं, आवो साहेब, रोजचं काम हाय त्याचं, आडकंल कसा? तर म्हणले, गप घरी जाय, नायतर तुलाच आत टाकू. तू पेपरात हायस ना, माय? तू लिही."

आई फरशीवर बसली होती. माझ्याकडं न बघताच म्हणाली, "लई शिकलीस तू. सायबाच्या शेजारी बसतीस. ह्या वक्ताला गप बसलीस तर मला आई म्हणू नको."

माझ्या डोक्यात सणक गेली. त्या पुतण्याला त्याच्याच ओसरीवर धरावं आणि त्याची बोटं दगडानं ठेचावीत असं वाटलं. खोटं कशाला बोलू, वाटलं. तशीच ऑफिसला आले. उस्मानपुऱ्याच्या चौकात रिक्षावाल्यानं दोनदा विचारलं, "मॅडम, तबियत ठीक है ना?"

दुपार झाली होती. अग्रलेखाचं पान आमच्याकडं इतर पानांच्या आधी, संध्याकाळच्या आतच छपाईला सुटतं. मी काही बोलायच्या आधीच संपादकांनी केबिनमध्ये बोलावलं. त्यांना सगळं कळलेलं होतं. सरपंचाची माणसं पेपरच्या मालकांना सकाळीच भेटून गेली होती.

"फार वाईट झालं," ते म्हणाले. "तो मुलगा तुमच्या नात्यातला ना?"

"मामेभाऊ."

"म्हणूनच आजचा अग्रलेख तुम्ही लिहायचा. आज आपण नियम मोडू. तुमचं नाव टाकू, फोटो टाकू. अग्रलेखाच्या जागेवर."

मला आनंद झाला. हो, झाला. भाऊ तिकडं बोटं गमावून पडलेला आणि मला क्षणभर उकळ्या फुटल्या. इतकी वर्षं जे मागत होते ते समोर ठेवलं होतं. मग ते चष्मा पुसत मजकूर सांगायला लागले. गिरणीतला दुर्दैवी अपघात. त्यावरून कुणी राजकारण पेटवू नये. दोन्ही समाजांनी संयम राखावा. गावाची परंपरा सलोख्याची.

"अपघात नाही, सर. तिघांनी धरून हात घातला."

"पोलीस तसं म्हणत नाहीत."

"राहुल म्हणतोय. मी आत्ता तिथूनच आले."

"हे बघा," त्यांचा आवाज आणखी मऊ झाला, "हेच मी लिहिलं तर लोक म्हणतील, पेपर वरच्यांचा. तुम्ही लिहिलंत तर कुणाला बोलायला जागा राहत नाही. बहिणीनंच अपघात म्हटल्यावर विषय मिटतो. गाव शांत होईल. तुमच्या मामालाही त्याच गावात राहायचंय ना?"

तेव्हा माझ्या डोळ्यांवरची झापडं उतरली. उद्या सकाळी तो अंक ठाण्यात साहेबाच्या टेबलावर जाणार होता. सरपंचाच्या ओसरीवर मोठ्यानं वाचला जाणार होता. कोर्टात वकील तो नाचवणार होता, बघा, घरातलीच काय म्हणते. तिघांनी मिळून राहुलची बोटं घेतली. त्याची तक्रारही हिरावून घ्यायला यांना माझा फोटो हवा होता.

"लिहिते," मी म्हणाले.

पान लावणारे सलीमभाई माझी वाट बघत होते. मी त्यांच्या शेजारच्या मशीनवर बसले आणि लिहायला लागले. पहिल्या ओळीत तिघांची नावं. मान कुणी दाबली, हात कुणी धरला, बटन कुणी दाबलं. बटन दाबणारा काय म्हणाला. पोलिसांनी काय लिहून घेतलं आणि बापाला काय धमकी दिली. चिंता कुठंच व्यक्त केली नाही. सलीमभाई वाचत होते.

"मॅडम, ये ऐसाच छोडना है?" त्यांनी हळूच विचारलं.

"असंच सोडा."

त्यांनी मान हलवली आणि पान उघडलं. तेवढ्यात संपादक मागं येऊन उभे राहिले. वाचता वाचता त्यांचा श्वास माझ्या मानेवर जोरात यायला लागला. त्यांनी वाकून माझं मनगट पकडलं आणि कीबोर्डवरून खेचलं. आधी कधी त्यांनी मला हात लावला नव्हता.

"काय लिहिताय कळतंय का?" ते म्हणाले. "तुमच्या आईनं लोकांची खरकटी काढली. तिथून तुम्हाला या टेबलाशी आणून बसवलं ते आम्ही. अहो, तुमच्या घरी जेवलोय मी."

मी मनगट सोडवलं. त्यांचाच हात धरला, टेबलावर आडवा पाडला आणि दोन्ही हातांनी दाबला. सगळ्या वजनानिशी. टेबलावरची काच तडकली. ते ओरडले. खुर्च्या सरकल्याचे आवाज आले, पण जवळ कुणी आलं नाही. त्यांची बोटं माझ्या तळव्याखाली वळवळत होती. पाचच्या पाच. मला आणखी दाबायचं होतं. हाड वाजेपर्यंत दाबायचं होतं.

"सोडा. हात सोडा माझा."

"अडकलाय का, सर?"

"वेड लागलंय का तुम्हाला?"

"सांगा ना. अडकलाय, का कुणी धरलाय?"

"तुम्ही धरलाय. तुम्ही."

"मग असंच लिहायचं असतं," मी म्हणाले, आणि सोडला.

त्यांनी हात छातीशी घेतला. काचेनं कापून तळहातावर रक्ताची एक रेघ आली होती. ते तिच्याकडं असे बघत राहिले, जणू रक्त ही गोष्ट त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिली. मग वॉचमनला बोलावलं. वॉचमन आमच्याच वस्तीतला. तो मला म्हणाला, "चला ताई," आणि दारापर्यंत माझ्या मागं मागं चालत आला. माझा मजकूर पुसला गेला. त्या दिवशी पाणीटंचाईवरचा ठेवणीतला अग्रलेख छापला.

नोकरी गेली. वरून माझ्याविरुद्ध पोलिसांत तक्रारही झाली, आणि ती पोलिसांनी संध्याकाळच्या आत घेतली. मला बोलावून वाचून दाखवली. काय सुरेख लिहिली होती. कुणी, कुणाचा, कोणता हात, कशावर, किती जोरानं दाबला. जखमेची लांबी. बघणाऱ्यांची नावं. त्यात कुठंही अपघात नव्हता, दोन्ही बाजू नव्हत्या, संयम नव्हता. मी खाली सही केली. हो म्हणाले, मीच दाबला.

मग मामाला घेऊन त्याच्या गावच्या ठाण्यात गेले. साहेबाला म्हणाले, "माझ्यावर लिहिलंय तसंच राहुलचं लिहा." साहेब हसला. मी बाकड्यावर बसले. मामा बसला. दुसऱ्या दिवशी वस्तीतल्या बाया येऊन बसल्या. आई बसली. शिव्या खाल्ल्या, एकदा शिपायानं बाकडं खालून ओढून घेतलं, आई पडली, तिचा कोपर फुटला. आम्ही फरशीवर बसलो. तिघांची नावं कागदावर आली तेव्हाच उठलो.

त्यानं काही फिटलं नाही. तिघं जामिनावर सुटलेत, गावात मोटरसायकल उडवत फिरतात. राहुलची बोटं परत यायची नाहीत. तो उजव्या हाताचा उरलेला अंगठा दाखवून म्हणतो, "ताई, गिरणी बंद नाय ठिवायची." खोलीच्या मालकानं खोली काढून घेतली, तर मामानं रस्त्याकडेच्या स्वतःच्या जागेत पत्रे ठोकलेत. पट्टा नवा आणलाय.

मी आता लिहिते ते माझ्या नावानं लिहिते. छोट्या साप्ताहिकात, फोनवर, जिथं जागा मिळेल तिथं. ज्यानं मारलं त्याचं नाव पहिल्या ओळीत टाकते. खटले होतील, होऊ देत. गिरणी सुरू होईल त्या दिवशी पहिला डबा माझा असणार आहे. बटन राहुल दाबणार, डाव्या हातानं. मी दारात उभी राहणार. त्या दारात कुणी चाल करून आला, तर आधी मी त्याला हातानं अडवीन, आणि नंतर त्याचं नाव, बापाचं नाव, गावाचं नाव लिहीन. छापायला कुणी तयार झालं नाही, तर चुना कालवून सरपंचाच्या घरासमोरच्या भिंतीवर लिहीन.