शिरोड्याच्या पेटीची किंमत

गप्पांना बसलं की माणूस सांगायला लागतो एक आणि निघतात दहा. आमच्या रविवारच्या बैठकीचं तर विचारूच नका! कणकवलीत माझं चष्म्याचं दुकान. रविवारी शटर अर्धं खाली ओढून मागच्या खोलीत आम्ही तिघे बसतो: मी, दातांचे डॉक्टर आणि बोटीवरून रिटायर झालेले मसुऱ्याचे दाजी. वेड एकच, मोटारगाड्यांची जुनी किट. खोक्यात प्लास्टिकचे सुटे पार्ट असतात, ते चिकटवून तळहाताएवढी गाडी करायची. लोक हसतात. पण कुणाच्या माळ्यावर मोडकंतोडकं किट सापडलं, की किंमत काढायला येतात आमच्याचकडे!

*

मागे शिरोड्याच्या नलूताई चष्म्याची काडी बदलायला आल्या आणि पिशवीतून किटची एक जुनी पेटी काढून बसल्या. खोक्याचा कोपरा वाळवीने खाल्लेला, एक टायर गायब. त्यांचा धाकटा भाऊ बोटीवर होता. सुट्टीवर येताना त्याने हे किट आणलं, जोडायला घेतलं आणि अर्धवट टाकून परत बोटीवर गेला. आता तो या जगात नाही. घर आवरायला निघालेली मंडळी म्हणतायत, हे भंगारात द्या.

मी म्हटलं, "ताई, विकून पैसे फार नाही यायचे."

"पैशे कोणाक व्हये? माका तेची किंमत व्हयी. कोणतरी शाण्या माणसान सांगूक व्हया, ह्यो कचरो न्हय म्हणान."

पेटी आम्ही ठेवून घेतली. पण खरं सांगतो, असल्या बाबतीत आमचा इतिहास काही बरा नाही!

*

बाबल्याचंच घ्या. हा मालवणात होड्यांना फायबर मारतो. त्याच्या किटचा बंपर तुटलेला होता. "जसं आहे तसं आण," असं आम्ही बजावलं होतं. पण तुटकी वस्तू तशीच न्यायची बाबल्याला लाज वाटली. पठ्ठ्याने बंपरला होडीचं फायबर फासलं! गाडी छोटी, बंपर मोठा.

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "अरे, ओरिजिनल काही शिल्लक ठेवलंस का?"

बाबल्या छाती काढून म्हणाला, "डॉक्टरांनू, बिनधास्त ऱ्हवा. पाण्यात टाकलात तरी बुडाची नाय!"

*

आमच्या दाजींनी तरी काय दिवे लावले? त्यांच्या किटला पावसाळ्यात ओल लागली. मे महिन्यात वहिनींनी स्लॅबवर कोकमाची सोलं वाळत घातली होती, त्यांच्या शेजारी दाजींनी गाडीही वाळत घातली. संध्याकाळी बघतात तर गाडीचा टप वितळून खाली बसलेला आणि दारांवर लाल डाग!

त्या रविवारी आम्ही तिघेही दाजींच्या घरी बसून हळहळत होतो. व्हॅल्यू गेली, व्हॅल्यू गेली! तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या.

"गाडयेचा काय ता तुमी बघा. माझ्या सोलांक प्लास्टिकाचो वास मारता, ती आता कोण खातलो?"

*

डॉक्टरांची गोष्ट वेगळी. दात साफ करायच्या आकड्याने ते इंजिनातला जुना ग्लू असा खरवडतात की बघत राहावं. फक्त एक खोड आहे. आकडा आत घातला की गाडीला सांगतात, "दुखलं तर डावा हात वर करा!"

*

अखेर नलूताईंच्या पेटीसाठी मुंबईहून जुनी किट जमवणारा एक कलेक्टर आला. जाणता माणूस, पण भाव पाडण्यात पटाईत. नलूताईही आल्या. पेटी उघडणार इतक्यात दाजी उठले आणि हात जोडून, देवळात देवाला घालतात तसं, त्यांनी खणखणीत गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा महाराजा! आज शिरोड्याची ही पेटी तुझ्या फुड्यात उघडतंव. वाळवीन खाल्ला आसात, उंदरान न्हेला आसात, ता गोड मानून घे रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" आम्ही.

"मुंबयसून इलेल्या ह्या पावण्याक बरी बुद्धी दे, आणि बायलमाणसाच्या वस्तूक तेच्या तोंडातसून हलको शब्द येव नये, असा कर रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

या वेळी सगळ्यांत मोठा आवाज कलेक्टरचा! त्याची आई देवगडची निघाली. गाऱ्हाण्याला होकार भरायची लहानपणापासूनची सवय, तोंडातून निघून गेलं. देवासमोर शब्द दिल्यावर बिचारा भाव कसला पाडतोय!

*

मग त्याने एकेक पार्ट उजेडात धरून बघितला. म्हणाला, "फार दुर्मीळ किट आहे, ताई. टायर मिळेल, खोक्याचंही चालेल. एकच मोठा दोष आहे. पुढच्या काचेवर ग्लूमध्ये कुणाचा तरी अंगठा उमटलाय. तेवढा घासून काढला, तर किंमत दुप्पट!"

डॉक्टरांनी लगेच पॉलिशचं मशीन काढलं.

"जरा थांबा," नलूताई म्हणाल्या. त्यांनी नवी काडी बसवलेला चष्मा डोळ्यांवर चढवला. नखाएवढी ती काच खिडकीकडे धरून बराच वेळ बघितली.

"मेलो खयचो! कितीदा तेका सांगलंय, हात पूस, हात पूस. कधी पुसल्यान नाय."

त्यांनी ती काच रुमालात गुंडाळली, रुमाल चष्म्याच्या केसमध्ये ठेवला आणि केस पर्समध्ये टाकून चेन ओढली.

"हां. आता ऱ्हवलेल्याची काय ती किंमत करा."