पिळवटलेला शाफ्ट
जळक्या ऑइलचा वास आला की धामणकर नाक्याजवळचा आमचा कापड विणण्याचा कारखाना आठवतो. एका लूमचा शाफ्ट पिळवटून तुटला होता आणि त्याला आधीच करवत लावून ठेवल्याचा माझा संशय आमच्या जुन्या फिटरवर होता, कारण आदल्याच दिवशी आमचं भांडण झालं होतं. "सेठ, मैंने कुछ नहीं किया, जांच करा लो," तो म्हणाला. मी तुकडा प्रयोगशाळेत नेला. तिथल्या बाईंनी सूक्ष्मदर्शकातलं चित्र दाखवलं. "डोळ्यांना न दिसणारे धातूचे कण जिथे एकमेकांना जुळतात, तिथेच पीळ बसून बसून फट वाढलीय. करवत लागलेली नाही." मला पटलं, तरी परतल्यावर मी फिटरची पेटी उघडून करवतीचं पातं निरखलंच. वळून पाहिलं, तर तो दारात उभा. पेटी उचलून तो मुकाट निघून गेला. त्याने चार शिव्या घातल्या असत्या, तर आज मला इतकं जड गेलं नसतं.