वानराचं सुतक

मॅट्रिक झालेला माणूस तेव्हा आमच्या गावात फार शहाणा समजला जाई, आणि तसं सगळ्यांत जास्त मीच समजत असे. महाराष्ट्र राज्य नवं नवं होतं. सोनाळ्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं वावर होतं. अर्ध्यात कपाशी, अर्ध्यात ज्वारी आणि भुईमूग. डोंगर इतका जवळ की पिकावर पहिला हक्क रानडुकरांचा आणि वानरांचा. डुकरांचा सगळ्यांना संताप येई. वानरांना मात्र कोणी खड्यापलीकडे काही मारत नसे, कारण ती मारुतीची. दर शनिवारी सकाळी गावातल्या बाया पारावर भाकर घेऊन जात आणि टोळीतला थोराड हुप्प्या खाली उतरून त्यांच्या हातातून ती घेऊन जाई. तो भाकर हिसकत नसे. हात पुढे करून थांबत असे.

शाळेच्या पुस्तकात मी वाचलं होतं की माणूस आणि वानर फार मागे एकाच कुळातले. वरवट बकालला माझे जुने मास्तर राहत. बाजाराला गेलो की मी त्यांच्या ओट्यावर टेकत असे. एकदा त्यांना विचारलं, "गुरुजी, कूळ एक होतं तर मंग हे काऊन मागं राह्यले?"

"मागं कोण राह्यलं बे?" मास्तर म्हणाले. "त्याचं काय अडलं होतं? झाड हाये, शेपूट हाये, दात हायेत. पिल्लू पयल्या दिवसापासून मायच्या पोटाले चिपकून राह्यते. आपल्याले ना नखं, ना अंगावर केस, अन् पोरगं वर्षभर उभं राहत नाही. आपलं अडलं म्हणून डोकं चालवा लागलं. अन् डोकं पोसणं सोपं नसते. ज्याचं त्याच्यावाचून भागते तो काऊन पोसन?"

मला हे पटलं नाही. वानर आपल्यापेक्षा कमी म्हणून ते झाडावर, असा माझा सरळ हिशोब होता.

त्या साली डुकरांनी भुईमुगाचा सत्यानाश केला. मी आईला म्हटलं, "माय, वावरात भूक लय लागते. चार भाकरी जास्तीच्या बांध." तिनं तेल-मीठ लावून बांधून दिल्या. कपाशीवर फवारायचं औषध मी त्या भाकरींना चोपडलं आणि दिवस मावळताना त्या धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, ठेवून घरी आलो. डुक्कर अंधारात येतं, वानर अंधारात झाड सोडत नाही, आणि उजाडायच्या आत उरलेल्या भाकरी मी उचलणार. झालं, सगळा विचार पक्का. फक्त दुसऱ्या दिवशी शनिवार होता, भाकरीच्या ओढीनं हुप्प्या सकाळीच खाली उतरणार, हे माझ्या डोक्यातून गेलं, आणि मला उठायला उशीर झाला.

मी पोचलो तेव्हा हुप्प्या धुऱ्यावर पडलेला होता. तोंडाला फेस, मुठीत भाकरीचा तुकडा. दिलेली भाकर खावी हे त्याला आमच्याच गावानं शिकवलं होतं. टोळी बाजूच्या कडुनिंबावर बसली होती. एक मादी उतरली, दुसरी भाकर उचलून तिनं हुंगली, खाली ठेवली आणि परत वर गेली. त्यानंतर एकही वानर खाली आलं नाही. जी तिथं होती तेवढ्यांना ती भाकर कळली. नाल्यापलीकडच्या टोळीला ते कळायला तिथलं एखादं मेलंच पाहिजे होतं, कारण त्यांना जाऊन सांगणारं कोणी नाही. हे तेव्हा मला लख्ख दिसलं. मी उरलेल्या भाकरी गोळा करून पुरल्या. मुठीतला तुकडासुद्धा काढून घेतला. माझ्या डोक्याचा त्या दिवशी एवढाच उपयोग झाला.

लोक जमले. पान लागलं असेल, सापाचाच दंश, असं ज्यानं त्यानं म्हटलं. मीही मान हलवून हाव म्हटलं. वडील आले, त्यांनी खांद्यावरचा शेला काढून हुप्प्याच्या अंगावर घातला आणि म्हणाले, "आपल्या वावरात येऊन यानं देह ठेवला. याचं सारं आता आपल्याकडं."

आमच्या भागात वानर मेलं तर त्याचं माणसासारखं करतात. तिरडी बांधली, गुलाल उधळला, भजन म्हणत गाव निघालं. मडकं घेऊन पुढे माझे वडील. साठी उलटलेला माणूस. त्यांनी डोकं आणि मिशी उतरवली, नऊ दिवस जमिनीवर घोंगडी टाकून निजले आणि एक वेळ जेवले. त्यांचं ते उघडं, पांढुरकं डोकं मला बघवत नसे. रडू आलं की मी वैरणीच्या कोठीत जाऊन रडून घेई. सांगावं असं रोज वाटे, आणि रोज मी खाली मान घालून जेवून उठे.

दहाव्याला नदीवर पिंड मांडला. कावळे बाभळीवर बसून होते, एक खाली येईना. कावळा शिवत नाही म्हणजे मेलेल्याची काही इच्छा राहिली आहे. लोक एकेक अंदाज करू लागले. कोणी म्हणालं, पिल्लांत जीव अडकला. कोणी म्हणालं, पारावर रोज भाकर ठेवू असं कबूल करा. वडिलांनी ते कबूल केलं, त्याच्या लेकरांना खडासुद्धा मारणार नाही म्हणून सांगितलं. ऊन डोक्यावर आलं. चाळीस माणसांच्या गराड्यात कावळा उतरणार नाही, एवढं मला कळत होतं. तो पिंडाचा दोष नव्हता. पण वडील उपाशी पोटी, हात जोडून, पिंडासमोर वाकून म्हणाले, "माह्या हातून काही चुकलं असन तर माफ कर देवा." ते मला सहन झालं नाही.

"बाबा, भाकर मी ठेवली होती," मी म्हणालो. "औषध लावून. डुकरांसाठी."

वडिलांनी माझ्याकडं पाहिलं. "भाकर कोणी केल्ती?"

"मायनं. तिले काही मालूम नाही."

त्यांनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला शिववला, आणि आम्ही घरी आलो.

आता मीच वडिलांच्या त्या वयाच्या पुढं आलो आहे. अक्कल माणसालाच का आली, वाघाला, वानराला, कावळ्याला का नाही, यावर पुष्कळ वाचलं. मास्तरांचं म्हणणं बरंचसं खरं वाटतं. ज्याचं त्याचं त्याला पुरेसं होतं, आणि ते घेऊन ते आपापल्या जागी नीट आहेत. ते रांगेत आपल्या मागे उभे आहेत असं मी आता मानत नाही. वाघ दिसला की हुप्प्या खाकरून टोळीला सावध करतो; वाघ नसताना त्यानं खोटं खाकरलेलं मी तरी आयुष्यात ऐकलं नाही. खाण्यात मरण लपवून समोर ठेवायला मात्र माझ्यासारखं डोकं लागतं. हे लिहिताना मला आजही लाज वाटते.

तेराव्याच्या जेवणापर्यंत गोष्ट घरोघर पोचली होती. तरी गाव आलं, तेराव्याला न जाणं आमच्याकडं बरं नाही. आईनं पहाटेपासून गोवऱ्यांवर कणकेचे जाड रोडगे भाजले होते, वांग्याची भाजी केली होती. मी वाढायला होतो. पत्रावळी भरल्या, देवाचं नाव घेऊन झालं, आणि कोणी रोडगा मोडेना. हात मांडीवर ठेवून सगळे बसून होते. कोणी कोणाकडं पाहत नव्हतं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला कळायला थोडा वेळ लागला, मग तिनं पदराचं टोक तोंडाशी धरलं.

वडिलांनी एक पत्रावळ आणून पंगतीच्या मधोमध मांडली आणि स्वतःच्या हातानं वाढली.

"बस," ते मला म्हणाले. "पयले तू खाय."

मी बसलो. रोडगा मोडला, वरणात कालवला. सगळं गाव माझ्या तोंडाकडं पाहत होतं. माझा घास घशाखाली उतरला, आणखी थोडा वेळ गेला, आणि मग पंगतीनं माझ्या आईच्या हातचं खाल्लं.