जिभेखालची गोळी

देवरावमामांच्या पायाला भिंगरी होती. बार्शीटाकळीला त्यांचं शेत, एक बैलजोडी, आणि घर ते शेत दिवसभर येरझाऱ्या. अशा माणसाच्या छातीत एकोणीसशे साठ साली कळ आली. अकोल्याच्या डॉक्टरांनी हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याचं सांगून त्यांना दीड महिना खाटेवरून उठायची बंदी केली.

मामा आठवडाभरात वेडेपिसे झाले. त्यात आजाऱ्याला भेटायला जायची आमच्याकडची रीत. जो येई तो नवा उपाय सांगून जाई. नत्थुजी वैद्यांनी अर्जुनाची साल दुधात उकळून प्यायला दिली. चंद्रभान शेजारी म्हणाला, मुंबईला आता छाती उघडून दुरुस्ती करतात. मामा प्रत्येकाशी वाद घालत, आणि वाद घालायला उठून बसत.

"मले निजवून मारून राहिले हे," ते मला म्हणाले. मलाही तसंच वाटू लागलं होतं.

शेवटी मी त्यांना अमरावतीला दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, हळूहळू चालायला लागा. कळ आली की बसा, ही गोळी जिभेखाली ठेवा आणि विरघळू द्या. मामांना हाच डॉक्टर शहाणा वाटला. पण गोळीने गुण येईना. मामा डॉक्टरांना नावं ठेवत, मी मामांवर चिडत होतो, आणि घरात पुन्हा खाटेची बोलणी सुरू झाली.

पोळ्याला मामा कुणाचं न ऐकता बैल घेऊन तोरणाखाली गेले. परत येताना दारातच कळ आली आणि ते ओट्यावर बसले. मनकर्णामामी बैलांच्या पूजेचं ताट घेऊन समोरच उभ्या होत्या. मामांनी खिशातली गोळी तोंडात टाकली आणि सवयीने पिचकारी मारली. तंबाखूच्या थुंकीत पांढरी गोळी बैलांच्या पायाशी पडली.

इतके दिवस औषध तिथेच जात होतं. तोंडात तंबाखू कायमचा, गोळीही त्यातच.

मामींनी ताट खाली ठेवलं. बोट घालून त्यांच्या तोंडातला तंबाखू काढला, दुसरी गोळी जिभेखाली सरकवली आणि तोंडावर तळहात दाबून धरला.

"आता थुकू नोका," त्या म्हणाल्या. बैल पूजेविना ताटकळले. हळूहळू मामांच्या चेहऱ्यावर रंग आला.

तंबाखू त्या दिवशी सुटला. पुढे मामा पुष्कळ वर्षं चालले, आणि वैद्य आपल्या सालीचं कौतुक सांगत राहिले. कळ आली की मामा गोळी जिभेखाली ठेवत, आणि मामींचा हात ओढून आपल्या तोंडावर धरत.